घर विकायचं नाहीये, क्वार्टरबॅक पाहिजे!

अहो नाही, नाही, नाही! घर विकायचं नाहीये! गाडी बंद करू नका, चालूच ठेवा, अशाच सरळ पुढे जा... बोर्ड? दिसतोय की मलाही बोर्ड, माझे काय डोळे फुटलेत? 'घर विकणे आहे'. एवढा थोरला पत्रा, त्यावर लाल रंग, आंधळ्याला दिसेल. पण तो मी लावलेला नाही हो! घर माझं, अंगण माझं, हप्ते मी भरतो आणि बोर्ड लावलाय गावाने! हा बघा, हा खिळा निम्मा उपसलाय मी, आता पक्कड आणायला आत निघालो होतो तेवढ्यात तुमची गाडी थांबली. सकाळपासून तुमची तिसरी!

कुठं निघाला होतात? डन्लॅपला? घर बघायला? मग जा की, खुशाल जा! चांगलं गाव आहे डन्लॅप, रस्ते रुंद, माणसं... असतील तिथंही माणसं. बरं, उतरलातच आहात तर या, सावलीत या. टेक्ससच्या ऑगस्टात उन्हात उभं राहू नये कुणी. पिकानचं झाड आहे हे, अक्रोडाच्या जातीचं, माझ्या बायकोनं लावलेलं. मागच्या सीटवर मुलगी का तुमची? उतरू दे तिलाही, गाडीत भाजून निघेल पोर. हिरवी पिकानं पडलीत खाली, खायची नाहीत हं बाळ, कडू जहर असतात, नुसती खेळ त्यांच्याशी.

तर तुम्हाला सांगतो, आमच्या ड्राय फोर्कची रीतच आहे ही. फुटबॉलची, म्हणजे आमच्या इकडच्या हातानं चेंडू फेकायच्या फुटबॉलची, टीम हरली की कोचच्या अंगणात घर विकण्याचा बोर्ड. कुणी शिवी देत नाही, कुणी काचा फोडत नाही, देवभीरू माणसं आहेत सगळी. शुक्रवारी संध्याकाळी सामना हरला की शनिवारी सकाळी दार उघडायचं आणि समोर बोर्ड. म्हणजे काय समजायचं? की बाबा, आवरा आता, दुसरं गाव बघा! गेल्या मोसमात एवढे बोर्ड लागले, की पोस्टमन मला विचारतो, "कोच, एकच घर विकताय की कॉलनी टाकलीत?" ते मला मान्य आहे! हरलो ना? लावा बोर्ड! पण यंदा अजून एकही सामना झालेला नाही हो! चेंडूला अजून हवा नीट भरलेली नाही आणि बोर्ड हजर! अरे, काही रीतभात आहे की नाही?

टण्!

काय वाजलं? पत्रा तापला वाटतं. वाजतो असा उन्हानं.

काय विचारलंत? का लावला? क्वार्टरबॅक, दुसरं काय! माझं सगळं वाटोळं त्या एका शब्दापायी होणार आहे. तुम्ही बघता का फुटबॉल? नाही? सुखी माणसं! तर क्वार्टरबॅकचं काम काय, तर पुढचा गडी आपल्या दोन पायांतून मागे चेंडू देतो तो धरायचा, समोरून तीन धटिंगण आपल्याला आडवं करायला धावत येतात ते येऊ द्यायचे, आणि ते पोचायच्या आत लांब पळत असलेल्या आपल्या माणसाच्या हातात चेंडू फेकायचा. संपलं! एवढंच! त्याच्यासाठी एक पोरगा पाहिजे मला. दहा नकोत, पाच नकोत, एक! मोठ्या गावांत अकरा-अकरा जणांच्या टीमा असतात, आमच्याकडे सहा जणांचाच खेळ, कारण शाळेत पोरंच नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात येणार कुठून?

आणि होता हो माझ्याकडे! क्लेटन! काय हात होता पोराचा! चेंडू असा सोडायचा की घेणाऱ्याला नुसती ओंजळ पुढे करावी लागायची. गेला. कुठं? डन्लॅपला! नियम असा, की ज्या गावात घर त्या गावाच्या शाळेकडून खेळायचं. तर त्या डन्लॅपवाल्यांनी काय केलं माहितीय? क्लेटनच्या बापाला घर दिलं! घर! पोरगा चांगला फेकतो म्हणून त्याच्या बापाला व्हरांडा, परसू आणि दोन बाथरूम! नावाला भाडं, म्हणे! याला काय खेळ म्हणायचा? एका पोराच्या हातासाठी घरं वाटायची? मनाची नाही, जनाची तरी? मी असतो ना, तर मोडलो असतो पण असला प्रकार केला नसता. तत्त्व म्हणून काही असतं माणसाला!

टण्!

हे काय परत... असो.

तर उरलं कोण? तिघं. ऐका एकेकाचं. पहिला रॉइस. हॉलिस पेटिग्रूंचा मुलगा. पेटिग्रू म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, कापसाची जिनिंग त्यांची, मैदानावरचा गुणफलकही त्यांनीच दिलाय. गडी दिसायला राजबिंडा. आणि फेकतो काय, वा! सरावाला बघावं, डोळ्यांचं पारणं फिटतं! फक्त समोरून कुणी धावत येता कामा नये. समोरून कुणी आलं की हा डोळे मिटतो. घट्ट! आणि चेंडू छातीशी धरून खाली बसतो, गारा पडायला लागल्यावर बसावं तसा. मी म्हटलं, "रॉइस, बाळा, ते येणारच रे! त्यांचं कामच आहे ते!" तर मला म्हणतो, "कोच, त्यांना सांगता नाही का येणार?"

दुसरा सायलस. आमच्या बॅप्टिस्ट चर्चच्या पाळकांचा, ब्रदर एमेटचा मुलगा. हा डोळे मिटत नाही. धीट आहे, फेकही बरी आहे, डोकंही आहे. पण संस्कार! संस्कारांनी वाट लावली हो पोराची! समोरचा गडी घसरून पडला की हा चेंडू काखेत मारून त्याला उठवायला जातो! खेळ चालू आहे, घड्याळ चालू आहे, मी बाहेरून बोंबलतोय, "फेक! सायलस, फेक!" आणि हा त्या गड्याचे गुडघे झाडतोय, "लागलं नाही ना रे तुला?" आणि तो दुसऱ्या क्षणी यालाच आडवा करतो! मग हा खालून त्यालाच म्हणतो, "माफ कर, मध्ये आलो तुझ्या."

तिसरा ओडेल. शेतावरचं पोर, मनगट हे असं, माझ्या पोटरीएवढं. याचा हात म्हणजे तोफ! मैदानाच्या या टोकाहून फेकला तर त्या टोकाच्या बाहेर, कुंपणापलीकडे, रस्त्यावर! कुठं जाणार ते मात्र परमेश्वरालाही ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात त्याने बॅंडमधला तुतारीवाला पाडला. आणि वर त्याचा तो बैल! जिल्ह्याच्या जनावरांच्या प्रदर्शनासाठी बैल पोसलाय त्याने, शेरीफ नावाचा. सरावाला ये म्हटलं की, "कोच, आज शेरीफला अंघोळ आहे." "कोच, आज शेरीफचे केस विंचरायचेत." अरे, माझ्या लग्नाच्या दिवशी माझे केस कुणी एवढे विंचरले नव्हते!

आता तुम्हीच सांगा, यातून कोण निवडायचा? आणि निवडू देतंय कोण! गावात माणसं तीनशे आणि कोच तीनशे एक. डोनटच्या दुकानात शिरलो की म्हाताऱ्यांचा कंपू तयारच, "कोच, ओडेलला घ्या. नेम काय, येतो सावकाश. मी आपलं सुचवलं हो. शेवटी निर्णय तुमचाच!" दाताच्या डॉक्टरकडे गेलो, तोंडात नळी, दाढेत कापूस, वरून दिवा, आणि तो माझ्या छाताडावर वाकून विचारतो, "सायलसचं काय करताय, कोच?" आता काय बोलणार मी? आ वासून पडलोय! तर म्हणे, "तुमचा विरोध दिसत नाही. बरं आहे. मी आपलं सुचवलं, शेवटी निर्णय तुमचाच," आणि मशीन सुरू!

रविवारी म्हटलं, देवाच्या दारी तरी शांतता मिळेल. ब्रदर एमेट प्रवचनाला उभे राहिले. विषय काय? डेव्हिड आणि गोलायथ, पोरानं गोफणीच्या एका दगडात राक्षसाएवढा वीर लोळवला ती गोष्ट. मी म्हटलं चला, निवांत झोपावं. तर यांचा आवाज चढला, "बंधूंनो, त्या दिवशीसुद्धा मोठमोठे धिप्पाड वीर उभे होते! पण गोफण कुणाच्या हाती दिली देवाने? एका साध्या, नम्र, धार्मिक घरातल्या मुलाच्या!" आणि सगळं चर्च मान वळवून माझ्याकडे बघतंय! दारात हात मिळवताना हळूच म्हणतात, "मी आपलं बायबलातलं सांगितलं, कोच. शेवटी निर्णय तुमचाच."

आणि पेटिग्रू! ते कधी आवाज चढवत नाहीत. परवा मैदानावर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, गुणफलकाकडे बघत राहिले. "छान दिसतो ना, व्हर्लन?" म्हटलं, "हो साहेब, सुरेख." "पहिलाच सामना डन्लॅपशी आहे." म्हटलं, "हो साहेब." "तो हरलो तर समितीला नव्या कोचचा विचार करावा लागेल. मला वाईट वाटेल." म्हटलं, "मलाही वाटेल, साहेब." "रॉइस यंदा फार मेहनत घेतोय. मी आपलं सुचवलं. शेवटी निर्णय तुझाच." म्हणजे बघा! रॉइसला घेतला नाही तर बाप नोकरीवरून काढणार, आणि घेतला तर रॉइस डोळे मिटणार, सामना जाणार, तरीही बापच काढणार! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी शिट्टी गळ्यात घालून उभा!

टण्!

गारा पडतायत का हो? आभाळ तर निरभ्र आहे...

आता तुम्ही म्हणाल, जाईल नोकरी, मिळेल दुसरी. मिळेल हो! मला मिळतेच. याआधी पाच गावांत मिळाली आणि पाच गावांत गेली. प्रश्न नोकरीचा नाही, बशांचा आहे. हसू नका! माझी बायको लडॉना. तिच्या आईच्या बशा आहेत, निळ्या काठाच्या, पातळ, उजेडात धरल्या तर पलीकडची बोटं दिसतात. दर वेळी गाव सोडताना ती एकेक बशी वर्तमानपत्रात गुंडाळते. बोलत नाही, रडत नाही, नुसती गुंडाळते. आणि नव्या गावात उघडून बघावं तर एखादी फुटलेली असतेच. हे घर घेतलं तेव्हा तिनं भिंतीत कपाट करून घेतलं त्यांच्यासाठी, काचेच्या दाराचं. झाड लावलं. आणि मला म्हणाली, "व्हर्लन, आता बशा मी गुंडाळणार नाही. तू जा कुठं जायचं तिथं, टीम जाऊ दे, गाव जाऊ दे. बशा या कपाटातून हलायच्या नाहीत." खरं सांगतो, त्या दिवसापासून मला झोप नाही. माणसाला बायको रागावलेली चालते हो, ओरडलेली चालते, पण ती वर्तमानपत्रं गोळा करायला लागली की समजायचं, गाव सुटलं.

तर काल कलिंगडाची पंगत होती. दर ऑगस्टात असते. अख्खं गाव मैदानावर जमतं, कलिंगडं फोडतात, आणि मी माइकवरून टीमची नावं वाचतो. पाच नावं आधी, सहावं क्वार्टरबॅकचं. पाच वाचली. टाळ्या. कलिंगडाची बी थुंकल्याचासुद्धा आवाज येईना. पहिल्या रांगेत पेटिग्रू, माझ्याकडे बघून मंद हसतायत. शेजारी ब्रदर एमेट, डोळे मिटून ओठ पुटपुटतायत. मागे ओडेल, तो बैल घेऊनच आलाय, आणि बैलही माझ्याकडेच बघतोय! आणि बाजूला लडॉना, हातात कलिंगडाची फोड, खात नाहीये. मी माइक तोंडाशी नेला. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघावं? "तिघंही!"

हो! तिघंही! पहिल्या भागात रॉइस, दुसऱ्यात सायलस, तिसऱ्यात ओडेल, आणि चौथ्यात... चौथ्यात बघू! म्हटलं, सगळे खूश होतील. कुणीच नाही! कुणीही नाही! पेटिग्रूंनी घड्याळात बघितलं. ब्रदर एमेटनी डोळे उघडले आणि मला बघून परत मिटले. आणि डोनटवाल्या कंपूतला सगळ्यात म्हातारा उठून म्हणतो कसा, "पोरा, तीन क्वार्टरबॅक आहेत म्हणजे तुझ्याकडे एकही नाही!" एक ना धड, भाराभर चिंध्या! हात दाखवून अवलक्षण ते हेच! आणि आज सकाळी दार उघडलं तर हा बोर्ड. लडॉनानं खिडकीतून बघितला. आत गेली. आणि मला आतून आवाज आला... कागदाचा. वर्तमानपत्राचा. नुसतं वाचत असेल हो, मी म्हटलं, वाचत असेल...

टण्!

आता मात्र हद्द झाली! काय वाजतंय काय हे? थांबा, बघतोच... अरे! हा खिळा... हा खिळा निम्मा बाहेर होता ना? तुमच्यादेखत सांगितलं ना मी? आता पूर्ण आत गेलाय! डोक्यापर्यंत! आणि हे खाली काय... पिकानं? हिरवी पिकानं, फुटलेली... कुणी... बाळ, तू मारतेयस? तिथून? रस्त्याच्या पलीकडून?! नेम कशावर धरला होतास? काय? "त्या खिळ्यावर"? आणि सगळे... सगळे लागले?

जरा धरा हो मला. नाही, पाणी नको. बाळ, नाव काय तुझं? टेस? टेस! वा! आता कोणत्या वर्गात जाणार? नववीत? देवा, परमेश्वरा, नववीत! म्हणजे बारावीपर्यंत चार वर्षं! हे बघ टेस, एक काम कर, मी त्या कुंपणाकडे पळत सुटतो, तू मला मार. अहो, मारू द्या हो तिला, कोच आहे मी! मार! पळतोय बघ मी... आई गं! लागलं! कानशिलात लागलं! पळता पळता लागलं! काय सुरेख लागलं हो! आणि बाळ, समोरून कुणी अंगावर धावून आलं तर डोळे मिटतेस का गं? काय म्हणाली? "तीन मोठे भाऊ आहेत"? मग प्रश्नच मिटला! आणि पडलेल्याला उठवायला जातेस का? "कशाला?" म्हणते! ऐकलंत? "कशाला?" म्हणते! बैल वगैरे पाळलेला नाही ना? मांजरही नाही? मुलगी आहे म्हणून काय झालं, कुठल्या नियमात लिहिलंय मुलीनं फेकू नये म्हणून?

गाडीत कुठं बसताय? डन्लॅप? डन्लॅपला जाऊन काय करणार? तिथल्या पाण्याला वास मारतो! रस्ते एवढे रुंद कशाला, तर माणसांना एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून! घर पाहिजे ना तुम्हाला? मग हे काय आहे? बोर्ड काय खोटं बोलतो का? अख्ख्या गावाने लावलाय, विचार करूनच लावला असेल! सावलीचं झाड आहे, व्हरांडा आहे, भिंतीत कपाट आहे, काचेच्या दाराचं! नावाला भाडं द्या. तेही राहू दे, पहिला मोसम होऊ द्या! आमचं काय? आमचं बघू हो, मैदानावर हेल्मेटांची खोली आहे, खिडकी आहे तिला एक. तत्त्व? कसलं तत्त्व? कोण म्हणालं तत्त्व? मी आपलं सुचवलं. शेवटी निर्णय तुमचाच!

लडॉना! अगं लडॉना, दार उघड, मंडळी घर बघायला आलीत! हो, आपलंच! अगं, नोकरी वाचली! फक्त घर... काय? बशा? अगं, बशा गुंडाळायला कोण सांगतंय तुला? तू म्हणाली होतीस ना, त्या कपाटातून हलायच्या नाहीत म्हणून? मग नाही हलणार! तुझा शब्द राहील! राहू देत इथंच, घराबरोबर, या लोकांना! मी आपलं सुचवलं, लडॉना, शेवटी निर्णय तु—

खण्ण्!

बघितलंत? बशी! स्वयंपाकघराच्या खिडकीतून! मधे झाड असून! बरोब्बर त्याच खिळ्यावर!... शाळेच्या टीमला वय जास्त पडतं हो लडॉनाचं, नाहीतर क्वार्टरबॅक शोधत मी गावभर कशाला फिरलो असतो?

चला. गुंडाळायची एक कमी झाली.